शंभर वॅट आणि एक टेकडी

मी एकदा एका टेकडीला रेडिओची श्रोता म्हणून मोजलं.

घाईगडबडीत नाही. डायनिंग टेबलावर नकाशा पसरला, पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, कंपासात टोक काढलेली पेन्सिल अडकवली आणि शांत डोक्याने मोजलं. टेकडीच्या जोडीला धरणाचं पाणी मोजलं, दगडाच्या खाणी मोजल्या आणि एक स्मशानभूमी मोजली. ही सगळी मंडळी रोज सकाळी सहाला माझा कार्यक्रम ऐकतात, असं आमच्या स्टेशनच्या मॅडमना तोंडावर सांगून आलो.

नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसातून मी निवृत्त झालो आणि पुढचे काही महिने घरात बसून बायकोच्या कामात सुधारणा सुचवत होतो. भांडी लावायची पद्धत चुकीची आहे, फ्रीजमध्ये जागा वाया जाते, कुकरची तिसरी शिट्टी अनावश्यक आहे. शेवटी तिनेच कुठूनसं ऐकून आणलं की आपल्या बाजूच्या कॉलेजच्या गच्चीवर एक छोटं रेडिओ स्टेशन आहे आणि सकाळच्या शेतकरी कार्यक्रमाला त्यांना बोलणारा माणूस हवाय. पगार नाही, चहा मिळतो.

"जा," ती म्हणाली. "तिथे बोला."

तसा मी तिथे बोलू लागलो. सकाळी सहा ते सात. फुलांचे भाव, भाजीचे भाव, हवा कशी राहील, कुठल्या रोगावर काय मारायचं, मध्ये दोन गाणी. आणि उरलेल्या जागेत मी. हा उरलेला भाग दिवसेंदिवस वाढत गेला हे मला इतरांनी नंतर सांगितलं. पण त्या तासासाठी मी पहाटे गजर होण्याआधी जागा व्हायचो. कारखान्यात इतकी वर्षं काढली, तिथे एकदाही असं झालं नव्हतं.

स्टेशनला परवानगी शंभर वॅटची. पहिल्या दिवशी हा आकडा ऐकून मी हसलो होतो. आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघरात शंभरचा पिवळा बल्ब होता, त्याच्या उजेडात मला साबण सापडायचा नाही. आणि तेवढ्या ताकदीवर हे लोक अख्ख्या पंचक्रोशीशी बोलणार?

आमची इंजिनिअर तिशीतली मुलगी होती. दुसरीकडे नोकरी करायची आणि आठवड्यातून दोन-तीनदा येऊन आमच्या यंत्रांची नाडी बघायची. ती मला गच्चीवर घेऊन गेली. टॉवरच्या वरच्या टोकाला नळाच्या तुकड्यांसारखं काहीतरी वाकवून बसवलं होतं.

"काका, तिथे आपला डोळा आहे असं समजा," ती म्हणाली. "तिथून जे दिसेल, साधारण तिथपर्यंत आवाज जातो."

मी गच्चीच्या कठड्याशी उभा राहून बघितलं. एका बाजूला नाशिकच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, दूर पांडवलेणीचा डोंगर. दुसऱ्या बाजूला मळे. कोबी, कोथिंबीर, झेंडूचे पिवळे-केशरी पट्टे, आणि त्यांच्यापलीकडे द्राक्षबागांच्या ओळीच ओळी, पार धूसर होईपर्यंत. न्हाणीघरातला एक बल्ब या सगळ्यावर पसरला होता. दिसत नव्हता, ऐकू येत नव्हता, कोणाच्या अंगाला लागत नव्हता; आणि तरी त्या क्षणी प्रत्येक पानाला, प्रत्येक पत्र्याला, माझ्या चष्म्याच्या काडीलाही स्पर्श करत होता. मी काडी उगीचच चाचपून बघितली. देवळात गाभाऱ्यापाशी जाताना आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा आला.

"आत्ता चालू आहे?" मी कुजबुजलो.

"चालू आहे. पण तुम्ही मोठ्याने बोललात तरी चालेल, इथे माईक नाही," ती म्हणाली.

माईकसमोर मात्र मी ओरडत असे. लांबच्या मळ्यापर्यंत पोहोचायला हवं ना, म्हणून. ती एकदा काचेपलीकडून हात हलवत आत आली. "काका, ओरडल्याने वॅट वाढत नाहीत! फक्त आवाज फाटतो." हे मी घरी कौतुकाने सांगितलं, तर बायको म्हणाली, "ते मला इतकी वर्षं माहीत आहे."

दसऱ्याच्या आधीच्या त्या उकाड्यात आमचा ट्रान्समीटर तापायला लागला. ट्रान्समीटर म्हणजे तसं एक लोखंडी कपाट. त्याच्यावर हात ठेवला तर भाकरीच्या तव्याशेजारी बसल्यासारखं वाटायचं. आतला एक भाग थकला होता आणि नवा यायला दिवाळी उजाडणार होती. इंजिनिअरने मॅडमना दोन रस्ते सांगितले. एक तर यंत्र रोज कमी वेळ चालवा, नाहीतर ताकद निम्म्यावर आणा आणि सगळा वेळ चालवा.

मॅडम म्हणजे कॉलेजातल्या प्राध्यापिका, स्टेशन त्यांच्या अंगावर होतं. सरळ स्वभावाची बाई. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितलं, "सर, ताकद कमी केली तर कडेची गावं तुटतील. त्यापेक्षा एक तास कमी करू. ज्या तासाला सगळ्यात कमी ऐकणारे असतील तो."

"म्हणजे कुठला?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमाला फोन येतात. संध्याकाळच्या गाण्यांना मुलांचे मेसेज येतात. तुमच्या तासाला आजपर्यंत एक फोन आला."

तो एक फोन गॅस सिलिंडरवाल्याचा होता, राँग नंबर. मी तो माझ्या खात्यात लावला होता.

"सकाळी सहाला शेतकऱ्याचे हात मातीत असतात, मॅडम. फोन कसा करणार?"

"मान्य. पण मला काहीतरी दाखवा. किती लोक ऐकतात, साधारण अंदाज. सोमवारी ठरवू."

हातात एक आठवडा होता. दिवाळीनंतर तो तास परत सुरू होईल असं त्या म्हणाल्या. पण बंद पडलेला कार्यक्रम परत सुरू झाल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. आणि तो तास गेला की मी परत कुकरच्या शिट्ट्या मोजायला मोकळा. म्हणून मी डायनिंग टेबलावर नकाशा पसरला.

वर्तुळ मात्र सुरेख आलं. ड्रॉइंग ऑफिसचा हात. स्टेशन मध्यभागी, कंपास फिरवला, आत येईल ती सगळी जमीन माझी. त्या जमिनीला तालुक्यात चौरस किलोमीटरमागे जितकी माणसं राहतात त्याने गुणलं आणि जो आकडा आला त्यातली शून्यं बघून मला स्वतःविषयी आदर वाटला. दुसऱ्या दिवशी तो मी मॅडमच्या टेबलावर ठेवला. इंजिनिअर तिथेच पकड घेऊन कसलीशी वायर सोलत होती.

तिने नकाशा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "काका, हे काय आहे?" तिचं बोट वर्तुळाच्या उत्तरेकडच्या एका तपकिरी डागावर होतं.

"टेकडी."

"तिच्यावर कोण राहतं?"

"कोणी नाही."

"मग तिला गुणलंत कशाला?"

मॅडमनी पदर तोंडाला लावला. इंजिनिअर मात्र हसली नाही. माझ्याच हातातली पेन्सिल घेऊन तिने टेकडीच्या मागच्या बाजूचा एक निमुळता पट्टा काळा करून टाकला. दिव्यासमोर तांब्या ठेवला की भिंतीवर जशी सावली पडते, तशी ही टेकडीची सावली, तिने सांगितलं. टेकडीमागे आपला आवाज जवळजवळ नाहीच. मग धरणाचं पाणी खोडलं, खाणी खोडल्या. स्मशानभूमीपाशी थांबून म्हणाली, "इथले खूप मन लावून ऐकत असतील, पण सोडून देऊ."

आणि मग तिने खरी वजाबाकी सुरू केली. उरलेल्या माणसांतून ज्यांच्याकडे रेडिओ नाही ते काढा. मोबाइलवर एफएम लागतो, पण इअरफोन लावावा लागतो. ते ज्यांना झेपत नाही ते काढा. सहाला झोपलेले काढा. जागे, पण मोठ्या स्टेशनची गाणी लावणारे काढा. प्रत्येक "काढा"ला माझी शून्यं गळत होती.

"मग उरलं कोण?"

"ते कंपासाने कळत नाही. विचारावं लागतं. मोठी स्टेशनं थोड्या घरांना विचारतात आणि त्यावरून सगळ्या शहराचा अंदाज बांधतात. तेही अंदाजच असतात काका, पण निदान टेकडीला कोणी विचारत नाही."

मी तिला खोदून विचारलं की निम्म्या ताकदीवर आणलं तर काय होईल. निम्मी ताकद म्हणजे निम्मं अंतर, असा माझा हिशेब. ती नाही म्हणाली. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं तर उजेड पाव होतो. तेच उलट धरलं तर ताकद निम्मी केल्यावर अंतर निम्मं होत नाही, सोळा आण्यांतले अकरा आणे तरी उरतं. उंची कमी झाली तर जास्त नुकसान. "टॉवर अर्धा कापलात तर रडा. वॅट अर्धे केले तर कडेची गावं सोडून कोणाला कळणारही नाही."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी चहा मागवला. पण मॅडमचा मुद्दा कायम होता. कडेची गावं तोडायची कोणासाठी? आधी ऐकणारा एक तरी दाखवा.

विचारायचं तर कसं विचारायचं? त्यावर मला एक युक्ती सुचली. ती मला आवडली, हीच खरं तर धोक्याची खूण होती.

आमच्या कार्यक्रमाच्या वेळी मळ्यांमध्ये झेंडूची तोडणी चालते. मग फुलं क्रेटमध्ये भरून, पिकअपमध्ये टाकून, आठाच्या सुमाराला पंचवटीत फूलबाजारात येतात. म्हणून गुरुवारी आणि शुक्रवारी मी माईकवरून सांगितलं, "ऐकणाऱ्या सगळ्या मंडळींना विनंती आहे. शनिवारी बाजारात माल आणाल तेव्हा क्रेटला एक लाल चिंधी बांधून आणा. म्हणजे आम्हाला कळेल की तुम्ही आहात." फोन नको, खर्च नको, मातीचे हात धुवायला नकोत.

शनिवारी कार्यक्रम संपवून मी स्कूटरवर थेट नदीकाठी गेलो. बाजार ऐन भरात होता. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, ओल्या पोत्यांचा वास. आणि मी जो बघितला तो देखावा मरेपर्यंत विसरणार नाही. सगळीकडे लाल. क्रेटला लाल, पाटीला लाल, हातगाडीच्या दांड्याला लाल. जुन्या साडीचे काठ, पोरांच्या शाळेच्या रिबिनी, एकाने तर अख्खा लाल रुमाल बांधला होता. माझे डोळे भरून आले. इतक्या लोकांच्या सकाळीत मी रोज होतो आणि मला पत्ता नव्हता! मी मॅडमना फोन लावला आणि म्हणालो, "या. आत्ता या. बघायला या."

त्या रिक्षा करून येईपर्यंत मी एका शेवंतीवाल्यापाशी गेलो. छाती जरा पुढे काढूनच.

"काय दादा, रेडिओ ऐकता वाटतं सकाळी?"

"कसला रेडिओ?"

"ही चिंधी..."

"ही व्हय? नजर लागू नये म्हणून." त्याने शेजारच्या झेंडूवाल्याकडे हनुवटी केली. "याने बांधली आन् याचा माल लगेच गेला. म्हटलं आपण का मागं राहा."

झेंडूवाला म्हणाला, "मी तर त्या पलीकडच्याचं बघून बांधली."

पलीकडच्याने त्याच्याही पलीकडच्याचं बघितलं होतं. दसऱ्याचा बाजार, भाव चढलेला, प्रत्येकाच्या मनात धाकधूक. अशा वेळी एकाच्या क्रेटला काही बांधलेलं दिसलं की कारण विचारत बसायला कोणाला वेळ असतो? मी एका माणसावरून दुसऱ्या माणसाकडे, चिंधीवरून चिंधीवर, मागे मागे जात राहिलो. माझा आवाज तर कुठेच पोहोचला नव्हता, माझी चिंधी मात्र अर्ध्या तासात सगळ्या बाजारात पोहोचली होती, तीही एकही वॅट न खर्चता.

तोपर्यंत मॅडम आल्या होत्या. लाल रंगाने त्यांचेही डोळे विस्फारले. "सर! हे सगळे?"

"जरा थांबा," मी म्हणालो. त्या थांबल्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना अंदाज आला असावा.

साखळीचं शेवटचं टोक एका बाईपाशी लागलं. पन्नाशीची, डोक्यावरून पदर, पाय दुमडून क्रेटच्या मागे बसलेली. तिच्या चिंधीची गाठ बाकी सगळ्यांपेक्षा घट्ट होती. ही तुम्ही कोणाचं बघून बांधलीत, असं विचारायला मी वाकलो. तोंडातून "मावशी" एवढंच निघालं, आणि धुळीने मला खोकला आला.

ती बाई वर बघत राहिली. "अगं बाई," ती म्हणाली. "तुम्हीच का ते खोकणारे?"

मला आयुष्यात अनेक विशेषणं मिळाली आहेत, पण त्या 'खोकणारे'इतका मला कशाने आनंद झाला नाही. कार्यक्रमात भाव वाचायच्या आधी मी घसा साफ करतो. ती म्हणाली, त्या आवाजावर ती आणि तिची सून पहिला पट्टा सोडून दुसऱ्या पट्ट्यात तोडायला जातात. घड्याळ बघायला हात मोकळे नसतात. "तुमच्या खोकल्याला हलायचं, आन् दुसऱ्या गाण्याला चहा. दोघीच असतो ना. तेवढं एक माणूस बोलतं सोबतीला."

"ऐकलंत मॅडम?" मी म्हणालो. "मावशी, मळा कुठे तुमचा?"

"टेकडीच्या माघारी," ती म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही तो काळा केलेला पट्टा आठवला होता.

इंजिनिअरला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "शक्य नाही काका. कोणीतरी तुम्हाला खूश करतंय."

रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्या गाडीने गेलो. रविवारचा माझा कार्यक्रम आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेला असतो, त्यामुळे मी मोकळा होतो. गाडीतला रेडिओ चालू होता आणि मी माझंच बोलणं ऐकत होतो, म्हणजे ऐकावं लागत होतं. टेकडीला वळसा घातला तसा माझा आवाज खरखरू लागला, मग तुटक झाला, मग नुसती सूं सूं. इंजिनिअरने रेडिओकडे बोट दाखवलं. तिची पेन्सिल बरोबर होती. सावली जिथे काढली होती, तिथेच पडली होती.

मळा म्हणजे अर्धा झेंडू आणि अर्धी द्राक्षबाग. बागेची छाटणी नुकतीच झालेली, पान एक नाही. नुसते लोखंडी अँगल आणि त्यांच्यावर ताणलेल्या तारा, ओळीवर ओळी, टेकडीच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत. तारांवर दव होतं आणि टेकडीवरून नुकतंच ऊन उतरत होतं. त्या सगळ्या तारा एकदम उजळल्या.

आणि त्या उजेडातून कोणीतरी खोकलं.

मी जागच्या जागी थांबलो. कडेच्या अँगलला, मांडवाच्या तारेला, एक जुना रेडिओ त्याच्या मुठीत आकडा अडकवून टांगला होता. त्याची मोडकी एरियल तारेला टेकलेली, पडू नये म्हणून सुतळीने बांधलेली. आणि त्यातून मी बोलत होतो. स्वच्छ. खरखर नाही, तुटणं नाही. "आज लाल झेंडूला उठाव राहील," मी त्या उघड्या बागेला सांगत होतो. आमची चाहूल लागायच्या आधीच पलीकडच्या पट्ट्यातून मावशी आणि तिची सून उठून दुसऱ्या पट्ट्याकडे निघाल्या होत्या, खोकल्याबरहुकूम.

इंजिनिअर रेडिओपाशी गेली. तिने सुतळी सोडून एरियल तारेपासून दूर केली. मी नाहीसा झालो. टेकवली. मी परत आलो. पुन्हा दूर, पुन्हा जवळ. ती लहान मुलीसारखी ते करत राहिली.

"टेकडीच्या माथ्यावरून थोडंसं वाकून खाली येतं," ती हळू बोलली. "फार थोडं. रेडिओला पुरत नाही एवढं. पण एवढी तार... सगळी बाग ते गोळा करतेय, काका. असं असावं. मी छातीठोक सांगणार नाही, मी हे कधी बघितलं नाही."

मावशीला त्याचं काही विशेष नव्हतं. आधी रेडिओ विहिरीपाशी असायचा, तिथे लागेना. मग बांधावर, तिथेही लागेना. ओलाव्यापासून वर राहावा म्हणून तारेला टांगला, तर लागला. "मग तिथंच ऱ्हाऊ दिला."

मी एका तारेवर हात ठेवला. गार होती, दवाने ओली. गच्चीवरचा तो एक बल्ब, त्याचा इथवर येता येता उरलेला कण, टेकडीवरून घसरून या तारांवर पडत होता. आणि इथे दोन बायकांच्या सकाळीत जाऊन तो माणसाचा आवाज होत होता. तो आवाज माझा होता हा निव्वळ योगायोग. कोणाचाही चालला असता. पण मी हात काढला नाही. इंजिनिअरनेही दुसऱ्या तारेवर हात ठेवला होता. आम्ही दोघं शिकली-सवरलेली माणसं एका बिनपानांच्या बागेत तारा धरून उभे होतो. मावशीने सुनेला काहीतरी सांगितलं आणि सून हसायला लागली.

परतताना गाडीत इंजिनिअरच म्हणाली, "आपल्याला सगळ्यात कमी मिळतं ते इथे. निम्म्या ताकदीवर इथे ऐकू आलं, तर कडेच्या गावांची काळजीच नको. आणि मग तुमचा तास कशाला काढायचा?"

"आणि नाही आलं तर?"

तिने गिअर बदलला.

मॅडमना हे पटलं. त्या म्हणाल्या, "जिच्यासाठी कार्यक्रम चालू ठेवायचा, तिलाच ऐकू आलं नाही तर चालू ठेवून उपयोग काय?" हा साधा प्रश्न होता आणि त्याच्यावर माझा तास लटकला होता, त्या रेडिओसारखाच. ठरलं असं: सोमवारी माझा कार्यक्रम चालू असतानाच इंजिनिअर ताकद निम्म्यावर आणेल. मावशीला काही सांगायचं नाही, नाहीतर ती भिडेखातर येतंय म्हणेल. फक्त एवढंच सांगायचं, की दुसरं गाणं झाल्यावर, चहाच्या वेळेला, फोन करा आणि आज कसं ऐकू आलं ते सांगा.

सोमवारी मी बोलत होतो आणि काचेपलीकडे इंजिनिअर कपाटासमोर उभी होती. तिने बटण फिरवलं ते मला दिसलं. बल्ब मंद होतो तसं काही झालं नाही. मला काही वेगळं वाटलं नाही, भिंतीवरचं घड्याळ तसंच चाललं. पण त्या क्षणापासून माझं एकेक वाक्य टेकडीपर्यंत जाताना मला दिसायला लागलं. हे पोहोचलं असेल? आणि हे? भाव वाचायच्या आधी मी खोकलो तो इतका मनापासून, की शेजारी बसलेल्या मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. भाव झाले, हवा झाली, दुसरं गाणं झालं. फोन नाही. म्हणून मी बोलत राहिलो. शांतता ठेवली तर ती तिकडे खरखरीसारखी ऐकू जाईल, अशी काहीतरी भीती होती. करप्यावर बोललो, फुलं भरताना क्रेटच्या तळाला ओलं पोतं घालण्यावर बोललो, पाटबंधाऱ्यावर बोललो. माझ्या ड्रॉइंग ऑफिसच्या दिवसांवर बोललो, ज्याचा झेंडूशी काही संबंध नव्हता. सात वाजून गेले. मॅडमनी हात वर केला. तिसरं गाणं लावून मी कानावरचे हेडफोन काढले आणि खुर्चीत खाली सरकलो.

तेव्हा फोन वाजला. मॅडमनी स्पीकरवर टाकला.

"मावशी," मी म्हणालो, "आज काही ऐकू आलं का?"

"आलं की."

"सगळं? तुटलं नाही कुठं? खरखर?"

"नाय. रोजच्यासारखंच."

इंजिनिअरने कपाटावर थाप मारली. कपाट कालच्यापेक्षा गार होतं, हे तिने मला हात ठेवून दाखवलं. मॅडम हसत होत्या. त्यांनी मानेनेच सांगून टाकलं की तास राहिला. मला आता काय बोलावं सुचेना, आणि माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं. न राहवून मी मावशीला सगळं सांगून टाकलं. यंत्र कसं तापत होतं, माझा कार्यक्रम कसा बंद पडणार होता, आणि आज तुम्हाला न सांगता यंत्राची ताकद आम्ही निम्मी केली होती, तरी तुमच्या बागेने आवाज कसा धरला.

पलीकडे भांड्याचा आवाज आला, चहाच्या.

"यंत्र कशाला निम्मं केलं?" मावशी म्हणाली. "तुमचं बोलणं निम्मं केलं असतं, तरी गार झालं असतं की ते. तुमचं बोलणं संपल्यावर फोन करू म्हणून थांबलो, आन् आज तुमच्या पायी आमचा चहा दोनदा उकळला."